घरदुरुस्ती, वाचकांचे प्रश्न : आधी पाण्याची वाट शोधा

पाऊस नुकताच सरलाय, त्यामुळे या महिन्याच्या पत्रांत ओलीचीच पत्रं जास्त आहेत. पण सोलापूरहून आलेलं एक वेगळं पत्र आधी घेते, त्याला थांबायला वेळ नाही.

प्रश्न : ताई, गिझर चालू असताना नळाला हात लावला की हाताला झिणझिण्या येतात. मिस्टर म्हणतात, एमसीबी बसवलाय, काही होत नाही. गिझर जुना आहे, दिवाळीत बदलणारच आहोत. तोवर वापरला तर चालेल का?

उत्तर : नाही. आजच बंद करा आणि तोवर अंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. एमसीबी पडतो तो तारेवर भार जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर. माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा करंट त्याला कळतच नाही. ते काम आरसीसीबीचं. घरासाठी तो 30 मिलिअँपिअरचा घ्यायचा, तेवढा करंट बाहेर गळला की तो क्षणात वीज तोडतो. लायसन्स असलेल्या वायरमनला बोलवा आणि गिझरच्या सॉकेटपर्यंत अर्थिंग खरोखर पोचतंय का ते मोजायला सांगा. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं धरू नका. कित्येक घरांत त्या भोकामागे वायरच जोडलेली नसते. अर्थिंग नसेल तर नवा गिझर आणूनही धोका तसाच राहील. आरसीसीबी बसला की त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडला पाहिजे.

प्रश्न : आम्ही पुण्यात 24 वर्षं जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या काकूंच्या छताला आमच्या बाथरूमखाली ओल आलीय, थोडं प्लॅस्टर पडून सळईही दिसते. प्लंबर म्हणतो, सगळं बाथरूम फोडून नवीन करा. काकू रोज विचारतात. खर्च सोसायटीने करायचा की आम्ही?

उत्तर : फोडायची घाई करू नका. पाणी नेमकं कुठून जातंय ते आधी कळू दे, त्याला चार दिवस आणि पाच रुपयांची नीळ पुरते.

दोन दिवस ते बाथरूम अजिबात वापरू नका, पण पाण्याचा कॉक चालू ठेवा. खालची ओल तशीच ताजी राहिली, थेंब पडतच राहिले, तर भिंतीतली नळाला पाणी आणणारी दाबाची पाइप गळतेय. मग फरशीला हात लावायचं कारणच नाही. ओल मंदावली, तर तिसऱ्या दिवशी नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतलं पाणी वाहून जातं त्या भोकाचं, तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा आणि फरशीवर इंचभर पाणी साठवून त्यात नीळ कालवा. उंबरठा ठेंगणा असेल तर दाराशी विटांचा बांध घाला. 24 तास तसंच ठेवा. खाली निळा डाग उतरला तर पाणी फरशीतून जातंय. नाही उतरला, तर पाणी काढून टाका, फरशी पुसून घ्या आणि निळं पाणी मगाने थेट ट्रॅपमध्ये ओता. आता डाग आला तर दोष ट्रॅपच्या किंवा त्याखालच्या पाइपच्या सांध्यात आहे.

माझ्या पाहण्यातल्या गळत्यांमध्ये ट्रॅपच्या तोंडाशी, जिथे टाइल येऊन मिळते, तिथेच जास्त वेळा दोष निघाला. तेवढीच दोन फूट जागा उघडून सांधा नीट करता येतो. टाइल्सच्या फटीत व्हाइट सिमेंट भरून देतो असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, त्यातून पाणी झिरपतं. इपॉक्सी ग्राउट भरून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटीकडे येते. फ्लॅटमधल्या संडास, सिंक वगैरेंची गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची. म्हणून ही चाचणी काकूंना सोबत घेऊन करा. डाग त्यांनी स्वतः पाहिला की रोजचं विचारणं थांबेल. काकूंना एवढं मात्र नक्की सांगा : ती सळई नुसत्या प्लॅस्टरने झाकू नका. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं प्लॅस्टर पुन्हा ढकलून पाडतं. गळती थांबल्यावर गंज खरवडून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने ती भरून घ्यावी लागते. शिवाय 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, पाच वर्षांतून एकदा करायचं असतं. तुमच्या सोसायटीचं झालंय का, विचारा.

प्रश्न : ताई, राहायला डोंबिवलीत असलो तरी गावचं घर राजापूर तालुक्यात आहे. आजोबांनी बांधलेलं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, चुन्याच्या गिलाव्याचं. सहा वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचं प्लॅस्टर करून घेतलं, अंगणात कोबा केला. आता गणपतीला गेलो तर माजघराच्या भिंतीला कमरेपर्यंत पोपडे आणि पांढरी भुकटी. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, केमिकल मारून चार फुटांपर्यंत टाइल लावू. लावू का?

उत्तर : दादा, कृपा करून लावू नका. तुमचं पत्र वाचून मला माझ्याच माहेरची भिंत आठवली. 1994 साली, डिप्लोमा होऊन तीनच वर्षं झाली होती, तेव्हा मी आईच्या घराची मागची चिऱ्याची भिंत हौसेने एकास चार सिमेंटने गिलावून घेतली. वडील गवंडी. ते काही बोलले नाहीत. काम झाल्यावर पाण्याचा तांब्या घेऊन आले, आधी उघड्या चिऱ्यावर चमचाभर पाणी टाकलं, ते दिसेनासं झालं. मग माझ्या प्लॅस्टरवर टाकलं, ते ओघळून खाली आलं. म्हणाले, "बाय, आता आतल्या पाण्यानं जायचं कुठं?" चौथ्या पावसाळ्यात प्लॅस्टरचे पापुद्रे सुटले आणि चिऱ्याची वरची साल सोबत घेऊन पडले. चिऱ्याची साल गेली की आतला मऊ भाग उघडा पडतो, ती साल काही परत येत नाही. म्हणून एवढं कळकळीने लिहिते आहे.

जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी चिऱ्याच्या भोकांतून वर चढतं. पूर्वी ते चुन्यातून वाफ होऊन जायचं. सिमेंटने दोन्ही बाजू बंद झाल्या, म्हणून ते आणखी वर चढलं. ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. पाण्याबरोबर आलेले क्षार प्लॅस्टरमागे साठून फुगतात आणि त्याला उचकटतात. टाइल लावलीत तर हीच ओल चार फुटांच्या वर निघेल.

सुरुवात बाहेरून करा. कोबा केल्यावर अंगण जोत्याच्या किती उंचीपर्यंत आलं ते पाहा, आणि पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं तेही. बहुतेक ते भिंतीच्या बुडाशीच पडून कोब्यामुळे तिथेच अडत असणार. भिंतीलगतचा दोन फूट कोबा काढा आणि फूटभर रुंद, दीड फूट खोल चर मारून त्यात खडी भरा. पायाच्या तळाखाली मात्र खणू नका. चराला उतार द्या, म्हणजे पाणी परसाकडे निघून जाईल. पन्हळ बसवता आली तर उत्तमच.

मग आत-बाहेर, ओल जिथवर दिसते त्याच्या वर हातभर, सिमेंट उतरवा. छिन्नी हलक्या हाताने, चिऱ्याला इजा न करता. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुतलात तर तो परत आत मुरेल. भिंत आता उघडीच राहू दे. गिलाव्याआधी दीड फूट प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर अजून थांबा.

गिलावा चुन्याचाच करा. विझवलेला चुना किमान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू दे. विझवताना तो उसळतो, डोळ्यांना चष्मा हवाच आणि मुलं लांब. एक भाग चुना, एक भाग विटांची सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), दोन भाग वाळू. कोकणच्या दमट हवेत सुरखीने तो नीट धरतो. खाडीची वाळू घेऊ नका, तिच्यातून मीठच येतं. थर पातळ द्या आणि आठवडाभर ओलसर ठेवा. वरून चुन्याचीच सफेती, ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट नको. भर पावसात भिंतीचा रंग बुडाशी थोडा गडद होईल, थंडीत उजळेल. जमिनीचं पाणी पूर्ण बंद होणार नाही, पण भिंत टिकेल.

प्लॅस्टर दिवाळीत उतरवलंत तर होळीपर्यंत भिंतीला चार महिने मिळतात, आणि मृगाच्या आत गिलावा धरायलाही वेळ राहतो. पण शिमग्याच्या दिवसांत गावात गवंडी मिळत नाही, सगळे पालखीबरोबर असतात. चुन्याचं काम येणारा माणूस आधीच मोजका. दिवाळीला जाल तेव्हाच त्याला गाठून, पालखी देवळात परतल्यानंतरची तारीख ठरवून या.