इस्लामी पुरातत्त्व: अरबी आत्ताच, सोनं-चांदी नंतर

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी बी.ए. इतिहासच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इराक-इराणचं मध्ययुगीन इस्लामी पुरातत्त्व तिला शिकायचंय, आणि ‘भाषेचं एम.ए.ला गेल्यावर बघू’ असं ती म्हणते. तेवढं मात्र करू देऊ नका. एम.ए.च्या दोन वर्षांत अरबीला वेळच उरत नाही. जुन्या कूफी (कोनदार अरबी लिपीतल्या) लेखांत नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके, बहुधा नसतात. शब्दाच्या मध्ये आलेले ब, त, न एकसारखेच दिसतात. शब्द ओळखीचा असेल तरच वाचता येतो.

कालगणनाही आत्ताच पक्की करावी. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचं, म्हणून इसवी सन काढायला नुसते 622 मिळवून चालत नाही. आधी हिजरी वर्षाला 0.97 ने गुणायचं, मग 622 मिळवायचे. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी 304 मध्ये सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला होता. हिशेबाने 916-17 येतं. सरळ बेरजेने 926, म्हणजे नऊ-दहा वर्षांची चूक.

एम.ए. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात करता येईल. तिथे थर वाचणं आणि खापरांचं रेखाटन हाताला बसतं. या विषयात खरं काम खापरांचंच (संग्रहालयातले दागिने बघून आलेले इथेच कंटाळतात). इराणमधल्या काशानच्या अबुल कासिमने 1301 मध्ये भांड्यांच्या मातीचं प्रमाण लिहून ठेवलंय: दहा भाग गारेची पूड, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती. झिलईखाली हे भांडं चिनी पोर्सेलिनसारखं वाटतं, म्हणून तुटलेली कड बघायची. ती साखरेसारखी रवाळ असेल तर इराणी, काचेसारखी गुळगुळीत असेल तर पोर्सेलिन.

काळ ठरवताना इराकमधल्या सामर्राचा धडा लक्षात ठेवावा. 836 ते 892 एवढीच ती अब्बासी खलिफांची राजधानी होती, म्हणून तिथली सगळी खापरं त्याच 56 वर्षांत बसवली गेली. पण 892 नंतरही तिथे वस्ती होती. सामर्राच्या खापरांवरून इतर स्थळांना दिलेल्या तारखाही मग डळमळल्या.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो: जागा थोड्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूरला आहे. तिथे फारसीही लागेल. प्राध्यापकीसाठी पुरातत्त्व विषयात नेट द्यावी. परदेशात जायचं तर जर्मनीतल्या बाम्बर्गला हा स्वतंत्र विषय आहे. पीएच.डी.ला मात्र पश्चिम किनाऱ्यावर सापडणारी आखाती निळ्या-हिरव्या झिलईची खापरं घ्यावीत. इराकमध्ये उत्खननाची परवानगी मिळो न मिळो, हे साहित्य इथेच हाताशी आहे.