शब्दशंका: सुरक्षा की सुरक्षितता?

प्रश्न: आमच्या कारखान्यातल्या फलकांवर ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ दोन्हींना ‘सुरक्षा’च लिहिले आहे. वेगळे शब्द नाहीत का?

उत्तर: आहेत, पण आधी एक विचारा: धोका अपघाताचा की कुणाच्या हेतूचा? यंत्रात हात सापडणे, गॅसगळती ही ‘सेफ्टी’. तिथे ‘सुरक्षितता’ लिहा. चोरी, घुसखोरी ही ‘सिक्युरिटी’; तिथे ‘सुरक्षा’. रेल्वेच्या हिंदीत हा भेद पक्का आहे: अपघातांची चौकशी ‘संरक्षा आयुक्त’ करतात, पहारा ‘सुरक्षा बला’चा. मात्र त्या ‘संरक्षा’चे मराठीत ‘संरक्षण’ करू नका, वाचकाला थेट लष्कर आठवते.

सगळ्याच भाषा हा भेद करत नाहीत. जर्मन ‘झिशरहाइट’ आणि स्पॅनिश ‘सेगुरिदाद’ दोन्ही अर्थ एकट्याने वाहतात. फ्रेंचची तर गंमतच! तिथे दोन शब्द आहेत, पण अणुऊर्जेत ‘स्यूरते’ म्हणजे अपघातांपासूनची सुरक्षितता आणि ‘सेक्युरिते’ म्हणजे घातपातापासूनची. विमानवाहतुकीत नेमके उलट. फ्रेंचमधून भाषांतर करताना म्हणूनच आधी क्षेत्र पाहावे, मग कोश.

व्युत्पत्तीही बोलकी आहे. ‘सिक्युरिटी’च्या मुळाशी लॅटिन ‘से’ (विना) आणि ‘कूरा’ (काळजी) आहेत, म्हणजे आपले ‘बिनघोर’. रशियन ‘बेझओपास्नोस्त’ म्हणजे धोका नसणे, आपल्या ‘निर्धोक’सारखे. पाटीवर ‘हा जिना निर्धोक नाही’ हे ‘सुरक्षित नाही’पेक्षा आम्हाला अधिक नेमके वाटते.