सोल्डरिंग आयर्न कपाटात, मुलगी क्लासमध्ये

पत्र: मुलगी केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत सव्वीस वर्षं ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, सांभाळतो. प्रदूषण मंडळाचे साहेब आले की आमचे मालकसुद्धा उभे राहतात. मुलीने त्या मंडळातच चिकटावं अशी माझी इच्छा आहे. कायमची नोकरी, पोस्टला वजन. ती मात्र हवेतला वास मोजायचं यंत्र करत रात्र रात्र जागते आणि 'सरकारात नवीन काही करू देत नाहीत' म्हणते. नोकरी लागल्यावर ते इनोव्हेशन फावल्या वेळात करता येईल की! भरतीची परीक्षा होईपर्यंत तिचं सोल्डरिंगचं सामान मी कपाटात कुलपात ठेवलं आहे. कोणता क्लास लावू? – एक पालक, कोपरखैरणे

उत्तर:

नमस्कार. क्लासचं नंतर बघू, आधी ते कुलूप.

मी ठाण्यात इतकी वर्षं पालकांशी बोलते आहे. मोबाईल काढून घेणारे रोज भेटतात, पण काम करते म्हणून मुलीचं हत्यार जप्त करणारे तुम्ही पहिलेच. तुमचं मूळ पत्र चार पानी आहे, वर फक्त सारांश दिलाय. त्या चार पानांत 'वजन' हा शब्द मी मोजला, पाच वेळा आहे. मुलीने नेमकं काय बनवलंय, ते चालतं का, त्यावर काय आकडे आले, याबद्दल अक्षर नाही. तुम्ही तिला विचारलंच नसावं. ज्या माणसाने उभं आयुष्य सांडपाण्याच्या आकड्यांत काढलं, त्याच्या घरात मुलगी हवेचे आकडे काढते आहे आणि दोघांत त्यावर एक वाक्य बोलणं होत नाही, हे मला मार्कांपेक्षा जास्त खुपलं. (मार्क तर तुम्ही कळवलेच नाहीत. बरं झालं.)

वजनाचं म्हणाल तर मालक उभे राहतात ते कन्सेंटसाठी, म्हणजे कारखाना चालवायच्या मंडळाच्या परवानगीसाठी, माणसासाठी नव्हे. टेबलाच्या पलीकडे काय असतं तेही ऐका. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे आलेल्या आकडेवारीत देशभरातल्या राज्य प्रदूषण मंडळांची जवळजवळ निम्मी पदं रिकामी होती. म्हणजे आत असलेला एकेक जण दोघांचं ओढतो. तुमचा तो 'फावला वेळ' तिथे कुठून आणायचा?

आता या इनोव्हेशनबद्दल. इथे तुम्ही दोघंही एकच चूक करताय आणि त्याच चुकीवरून भांडताय. तुम्हाला वाटतं नवीन करणं म्हणजे यंत्र जोडणं, म्हणून तो छंद. तिलाही तसंच वाटतं, म्हणून सरकारी खातं म्हणजे तिला तुरुंग वाटतो. गुजरातमध्ये काय झालं ते सांगते. तिथे कारखान्यांना पर्यावरण ऑडिट करून घ्यावं लागे. ऑडिटर निवडायचा कारखान्याने, फी द्यायची कारखान्यानेच. साहजिकच चिमणीच्या धुळीचे आकडे मर्यादेच्या जेमतेम खाली येऊन बसत, रिपोर्टमागून रिपोर्ट. 2009 ते 2011 मध्ये गुजरात प्रदूषण मंडळाने काही अर्थशास्त्रज्ञांना सोबत घेऊन अहमदाबाद आणि सुरतच्या काही कारखान्यांपुरता प्रयोग केला. ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखा ठरवायचा, त्याची ठरलेली फी सामाईक निधीतून द्यायची, आणि मधूनच कुणीतरी जाऊन त्याचं मोजमाप पुन्हा तपासायचं. आकडे खरे यायला लागले आणि त्या कारखान्यांचं प्रदूषणही उतरलं. या अर्थशास्त्रज्ञांपैकी एस्थर डुफ्लो यांना पुढे 2019 चं नोबेल मिळालं, पण ते राहू द्या. यात नवं यंत्र कुठलं होतं? पैसे कुणी द्यायचे, एवढंच बदललं. आपल्याकडेही महाराष्ट्राच्या मंडळाने जून 2017 मध्ये कारखान्यांच्या धुराड्यांच्या नमुन्यांवरून एक ते पाच तारे द्यायला आणि ते लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. नमुने आधीही घेतले जात होतेच.

एक लहान गोष्ट सांगते, मला ती मोठ्यांहून जास्त आवडते. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका कार्यालयात फिल्ड ऑफिसर आहे. वासाच्या तक्रारी रात्री यायच्या, माणूस सकाळी पोचायचा, तोवर वास गायब. शेरा ठरलेला: 'पाहणीत तथ्य आढळले नाही'. तिने तक्रारवहीत दोन रकाने वाढवले: वास आला ती नेमकी वेळ, आणि त्या वेळची वाऱ्याची दिशा. तीन महिन्यांनी वही उघडल्यावर कोणत्या बाजूला, कोणत्या वेळी जाऊन उभं राहायचं ते कळलं. मग हट्टाने तिने ते रकाने छापील नमुन्यात घालून घेतले. नाहीतर बदली झाली की साहेबांबरोबर उपक्रमही जातो. तिची बदली झाली, रकाने अजून आहेत. शाश्वत, शाश्वत म्हणतात ते सरकारी खात्यात मला तरी असं दिसतं. तेवढ्यासाठी तिला चार वेळा वरच्या साहेबांच्या केबिनबाहेर तासन्‌तास बसावं लागलं, तेही लिहिते. मुलीला आपलं सगळं गोडच वाटायला नको.

मुलीसाठीही दोन शब्द. वासाचं यंत्र म्हणजे बहुधा स्वस्तातला मेटल ऑक्साइड सेन्सर असणार. तो शेजारी सॅनिटायझरची बाटली उघडली तरी उसळतो आणि जुलैच्या दमट हवेत त्याचा भरवसा नसतो. महापे, नेरूळला सरकारी हवा-निरीक्षण केंद्रं आहेत, त्यांचे आकडे सगळ्यांना खुले आहेत. आपल्या नोंदी तिने तिथल्या आर्द्रतेशी आणि वाऱ्याशी ताडून बघाव्यात. आणि ते यंत्र कितीही अचूक झालं तरी त्याच्या आकड्यावर कुणाला कोर्टात उभं करता येत नाही. पाण्याच्या कायद्यातलं कलम 21 तुम्हाला पाठ असेल: नोटीस, समोरासमोर घेतलेलं सॅम्पल, सील, दोघांच्या सह्या. 1981 च्या हवेच्या कायद्यात त्याचंच भावंड कलम 26 आहे. ते पाळलं नाही तर अहवाल पुरावा म्हणून उभा राहत नाही. कुठे नाक खुपसायचं ते यंत्र सांगेल, पण सॅम्पल माणसालाच घ्यावं लागेल. हे कळलं की 'सरकारात काही करू देत नाहीत' याचा अर्धा भाग गळून पडेल. उरलेला अर्धा खरा आहे.

परीक्षांचं एका ओळीत: मंडळाच्या भरतीची जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर येते, कधी येईल याचा नेम नाही, आणि गेट या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत 2021 पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे. यंदा क्लास लावू नका. तिला डिग्री घेऊ दे, दोन-तीन वर्षं एखाद्या प्रयोगशाळेत, कन्सल्टन्सीत किंवा प्लांटवर हात काळे करू दे. मग मंडळात जावंसं वाटलं तर जाईल, आणि नाही वाटलं तर तुम्ही रुसायचं नाही. वयाची एवढी घाई नसते.

क्लासच्या आधी तिला जे शिकायला हवं ते तुमच्याकडे आहे. सांडपाण्याचा लोड कोणत्या शिफ्टला अंगावर येतो, सीओडी (पाण्यातली घाण सांगणारा आकडा) चढला की रिपोर्टच्या आधी नाकाला कसं कळतं, साहेब येणार म्हटल्यावर कुठली झडप आधी बघितली जाते. कंपनीची परवानगी काढा, सेफ्टी शूज घालून तिला एक दिवस ईटीपीवर न्या आणि इक्वलायझेशन टँकपासून, म्हणजे सगळं सांडपाणी आधी एकत्र येतं तिथून, सुरुवात करा. तिचं यंत्रही बरोबर घ्या. तुमचं नाक आणि तिचा सेन्सर, आधी कोण सांगतं ते बघा. पण त्यासाठी ते कपाट आज रात्री उघडावं लागेल, तिच्या काही तारा जोडायच्या राहिल्या असतील.

पुढचं पत्र तिला लिहू दे. खाडीवरून वारा फिरला की आमच्या गॅलरीतही कसलासा वास येतो, त्याबद्दल मला तिला विचारायचंय.