नदीतून किल्ले बघायचेत, पण कुठल्या नदीतून?

प्रश्न: नमस्कार ताई, पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं फ्रान्सला जायचं म्हणतोय. मिसेसच्या डोक्यात रिव्हर क्रूझ बसलीये, बोटीतच राहायचं आणि रोज उतरून एक राजवाडा बघायचा. मला शांबोर आणि शेनाँसो हे दोन बघायचेतच. ब्रोशरवर शेनाँसोचा फोटो आहे पण आतला रूट बघितला तर पॅरिसपासून सेन नदी लिहिलीये, मग हे जमतं कसं? मिसेसचे गुडघे दुखतात, तेही धरून सांगा.

उत्तर: दादा, रूट बघितलात हे फार बरं केलंत, फोटोवर जाऊ नका. तुम्हाला हवे असलेले दोन्ही शातो (फ्रेंचमधे किल्ला किंवा राजवाडा) लोआर नदीच्या खोऱ्यातले आहेत आणि लोआर ही मोठ्या क्रूझची नदीच नाहीये. पाणी उथळ, मधेमधे वाळूचे पट्टे, उन्हाळ्यात तर आणखीच कमी पाणी, त्यामुळे तूर, आंब्वाज, ब्ल्वा या सगळ्या राजवाड्यांच्या पट्ट्यात राहायच्या सोयीची मोठी बोट फिरत नाही. खाली समुद्राकडे, सँ नाझेर ते आँजेच्या आसपास, कमी पाण्यात चालेल अशी मुद्दाम बनवलेली, वल्ह्यांच्या चाकांनी पाणी कापत जाणारी बोट जाते पण तिथूनही हे शातो बसनेच करायचे. शिवाय शांबोर काही लोआरच्या काठावर नाही, ते आत जंगलात आहे, आणि शेनाँसो शेर नावाच्या उपनदीवर.

सेनवर मग काय बघायला मिळतं? खूप आहे, फक्त वेगळं आहे. लेझांदेलीला बोट वळण घेते आणि वर पांढऱ्या कड्यावर शातो गायारचे अवशेष दिसतात. इंग्लंडच्या रिचर्ड द लायनहार्टनं 1196 ते 1198 अशा दोनेक वर्षांत हा किल्ला उभा केला, फ्रेंचांना नॉर्मंडीत घुसू द्यायचं नाही म्हणून, आणि रिचर्ड गेल्यावर 1204 मधे फ्रेंचांनी तो घेतलाच. चढ चांगलाच दमवणारा आहे, मिसेसना डेकवरूनच बघू दे, खरं तर दिसतोही तिथूनच जास्त छान. ला रोश-गियोंला कड्याच्या पोटाशी शातो आणि डोक्यावर जुना बुरूज, 1944 मधे जर्मन सेनापती रोमेलचं हेडक्वार्टर इथेच होतं. पॅरिसजवळ नेपोलियनच्या बायकोचं, जोसेफीनचं मालमेझों, ते लहान आहे, दमवत नाही आणि मला व्हर्सायपेक्षा जास्त आवडतं (व्हर्सायला गर्दीत निम्मा जीव जातो, आणि सोमवारी बंद असतं हे बुकिंगच्या आधी बघा).

तर माझं मत असं की क्रूझ सेनचीच घ्या, पॅरिसहून निघून पॅरिसलाच परत येणारी, आणि ती संपल्यावर दोन-तीन रात्री तूर किंवा आंब्वाजला हॉटेलात काढा. पॅरिसहून तूरला टीजीव्ही या वेगवान ट्रेननं साधारण सव्वा तास लागतो. तूरहून लोकल ट्रेन शेनाँसोच्या गेटजवळच सोडते, तळमजला आणि नदीवरची लांब गॅलरी सपाट आहे त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. हा शातो राजा दुसऱ्या आँरीनं त्याची प्रेयसी दियान द प्वातिएला दिला होता, तिनं नदीवर पूल बांधला, 1559 मधे राजा गेला आणि राणी कातरीन द मेदिचीनं तिला शोमों हा दुसरा शातो देऊन हा काढून घेतला आणि त्याच पुलावर मजले चढवले! दुसऱ्या महायुद्धात एक दार जर्मनांच्या ताब्यातल्या भागात आणि गॅलरीच्या पलीकडचं दार मोकळ्या फ्रान्समधे उघडायचं. आणि मिसेसची बोटीची हौस इथे खरी भागेल, सीझनमधे पाणी पुरेसं असेल तर छोट्या बोटी याच कमानींखालून जातात.

शांबोरला स्टेशन नाही, ब्ल्वाला उतरून सीझनची शटल बस. राजा फ्रान्स्वा पहिल्यानं 1519 मधे काम सुरू केलं, चारशेवर खोल्या, आणि स्वतः राहिला जेमतेम काही आठवडे. तिथला दुहेरी जिना बघायचाच, दोन माणसं एकाच वेळी वर-खाली गेली तरी एकमेकांना आडवी येत नाहीत. पण गच्चीवर जायला पायऱ्या बऱ्याच आहेत, तिथे तुम्ही एकटेच जा.

अजून एक, बोटीत लिफ्ट आहे का एवढंच विचारू नका. धक्क्यावर तीन-तीन बोटी एकमेकींना चिकटून लावतात, मग किनाऱ्यावर यायला दुसऱ्यांच्या बोटींमधून जावं लागतं, कधी त्यांच्या डेकवर चढून. सावकाश चालणाऱ्यांचा वेगळा ग्रुप असतो का तेही विचारा.

प्रश्न: बोर्दोच्या क्रूझमधे रोज एक शातो दाखवतात म्हणे, ते किल्ले असतात का?

उत्तर: बहुतेक वाइनचे मळे आणि मालकाचं मोठं घर. टेस्टिंग आवडत असेल तर मजा आहे, नाहीतर कंटाळाल. किल्ला म्हणावा असा ब्लाय, जिरोंद खाडीच्या काठावरच, फ्रेंच लष्करी इंजिनियर वोबाँनं सतराव्या शतकात बांधलेला, बोटीतून उतरून चालत जाता येतं.

प्रश्न: आम्ही चार मित्र, बजेट कमी, स्वतः बोट चालवून किल्ल्यापर्यंत जाता येईल असं काही आहे का?

उत्तर: दक्षिण फ्रान्समधला कालवा, कनाल दु मिदी! भाड्याच्या बोटीला लायसन्स लागत नाही, देताना थोडं शिकवतात. कारकासोनला बोट लावा, तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर दुहेरी तटबंदीचं जुनं शहर आहे, 52 बुरुजांचं. आतल्या गल्ल्यांत फिरायला पैसे नाहीत, शातो आणि तटावर चढायला तिकीट आहे. टोकदार छपरं बघून फार भारावू नका, ती एकोणिसाव्या शतकात आर्किटेक्ट व्हियोले-ल-द्युकनं दुरुस्तीच्या वेळी घातलीयेत. बोट ताशी 8 किमीच्या वर न्यायची नाही आणि दुपारी जेवायच्या वेळेला लॉक (बोट वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे) बंद असतात, तेव्हा तुम्हीही जेवून घ्या. कडेच्या प्लेन (चिनारच्या जातीच्या) झाडांना रोग लागल्यानं बरीच तोडलीयेत, काही भागात सावली अजिबात नाही, टोप्या न्या.