चोराचा पाठलाग, गेलेली नोकरी आणि वकिलाचे पाच हजार डॉलर

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण कॅलिफोर्नियातील एका मोठ्या साखळी दुकानात सहा वर्षे काम केले. सामान घेऊन पळणाऱ्या एका माणसामागे आपण पार्किंगपर्यंत धावलात आणि त्याच्या हातातील पिशवी ओढून परत आणलीत. चोराला अडवायचे नाही, त्याचा पाठलाग करायचा नाही, या लेखी नियमावर आपली सही असल्याने पुढच्या आठवड्यात आपल्याला कामावरून काढण्यात आले. दुकानाने चार आठवड्यांचा पगार देऊ केला आहे, मात्र त्यासाठी सर्व दावे सोडून देणाऱ्या करारावर सही मागितली आहे. दुसरीकडे एक वकील तासाला ३५० डॉलर दराने दावा लढवायला तयार आहेत आणि ५,००० डॉलर आगाऊ मागत आहेत. ही रक्कम ४०१(के) या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून काढावी का, असा आपला प्रश्न आहे.

ती रक्कम काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्यावर अन्याय झालेला नाही असे मला म्हणायचे नाही. दुकानाचे नुकसान वाचवायला धावलेल्या माणसाची नोकरी जावी, हे मलाही अस्वस्थ करते. पण आपल्या हातात असलेला सर्वांत मोठा आणि जवळजवळ बिनखर्चाचा कायदेशीर हक्क वेगळाच आहे, आणि त्याचा आपल्या पत्रात उल्लेखही नाही.

आधी दाव्याचे पाहू. कॅलिफोर्नियात, अमेरिकेतील बहुतेक राज्यांप्रमाणेच, मुदतीचा करार नसलेली नोकरी ‘ॲट-विल’ मानली जाते, म्हणजे मालक कारण न देताही ती संपवू शकतो. काढण्यामागचे कारण बेकायदेशीर असेल, तरच दावा उभा राहतो. आपण ज्या प्रकारच्या निकालाची आशा धरून आहात तसे निकाल झालेले आहेत, हे खरे. युटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वॉलमार्टच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितले की गंभीर इजेचा धोका समोर उभा असेल आणि मागे हटण्याची वाट नसेल, तर स्वसंरक्षण करणाऱ्याला त्याबद्दल कामावरून काढता येणार नाही. वॉशिंग्टन राज्यात १९९६ मध्ये, ओलीस धरलेल्या स्त्रीला वाचवण्यासाठी चिलखती गाडी सोडून धावलेल्या चालकाच्या बाजूने निकाल लागला. मात्र या दोन्ही निकालांत माणसाचा जीव पणाला लागलेला होता. आपल्या प्रसंगात माणूस पळून जात होता, आपण त्याच्यामागे गेलात, आणि वाचवायचा होता तो माल. शिवाय हे निकाल कॅलिफोर्नियातील न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. तेव्हा ‘मी दुकानाच्या भल्यासाठी धावलो’ एवढ्याच आधारावर दावा टिकेल असे मला वाटत नाही.

आता पैशांचा हिशेब. आपला पगार तासाला २२ डॉलर, म्हणजे आठवड्याला ८८० डॉलर होता. तीन महिन्यांत तशीच नोकरी मिळाली, तर बुडालेला पगार साधारण ११,४४० डॉलर भरतो. काढलेल्या कर्मचाऱ्याने दुसरे काम शोधण्याचा वाजवी प्रयत्न करावा, अशी न्यायालयाची अपेक्षा असते, आणि नव्या नोकरीतील पगार भरपाईतून वजा होतो. तासाला ३५० डॉलर दराने आपले ५,००० डॉलर चौदा तासांत संपतील. तेवढ्यात दाव्याची कागदपत्रे तयार होतील आणि थोडाफार पत्रव्यवहार होईल, साक्षी नोंदवण्याचा टप्पा त्यानंतरचा. शिवाय ४०१(के) मधून थेट रक्कम काढताना संघीय करापोटी २० टक्के आधीच कापले जातात, त्यामुळे हातात ५,००० यायला निदान ६,२५० डॉलर काढावे लागतील. आपले वय ४४ असल्याने त्यावर संघीय १० टक्के आणि राज्याचा अडीच टक्के दंड, म्हणजे सुमारे ७८० डॉलर, आणि वर नेहमीचा आयकर. निवृत्तीसाठी साठवलेला पैसा इतक्या महागात मोडून इतक्या कमजोर आधारावर लावणे मला पटत नाही.

मी ज्या हक्काबद्दल म्हटले तो बेरोजगारी भत्त्याचा. ‘नियम मोडला म्हणून काढले, आता कसला भत्ता?’ असे समजून अनेक जण अर्जच करत नाहीत आणि मोठी रक्कम गमावतात. भत्ता नाकारण्यासाठी केवळ नियम मोडला गेला एवढे पुरत नाही. वर्तन मालकाच्या हिताकडे जाणूनबुजून पाठ फिरवणारे होते, हे दिसावे लागते, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. चांगल्या हेतूने, एखाद्या क्षणी घेतलेला चुकीचा निर्णय गैरवर्तनात मोडत नाही, ही भूमिका कॅलिफोर्नियाच्या कायद्यात रुळलेली आहे. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही लक्षात ठेवा : नियम लेखी होता, आपल्याला माहीत होता, आणि याआधी आपल्याला तशी ताकीद मिळाली असेल तर प्रकरण अवघड होईल. आपल्या पत्रात अशा ताकिदीचा उल्लेख नाही, म्हणून मला आपली बाजू भक्कम वाटते. आपल्या पगारावर भत्ता आठवड्याला सुमारे ४४० डॉलर बसतो आणि तो जास्तीत जास्त २६ आठवडे मिळू शकतो, म्हणजे पुन्हा ११,४४० डॉलरच्या घरात. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्कही नाही.

म्हणून हा भत्ता देणाऱ्या ईडीडी या राज्याच्या रोजगार विभागाकडे आजच अर्ज करा. उशीर झालेल्या आठवड्यांचा भत्ता सहसा हातून जातो आणि पहिला पात्र आठवडा तसाही बिनपैशाचा असतो. कारणाच्या रकान्यात ‘कामावरून काढले’ असेच लिहा, ‘काम कमी झाले’ असे लिहू नका, कारण खोटी माहिती उघड झाल्यास दंड होतो आणि विश्वासार्हताही जाते. मुलाखतीचा फोन आला की घडलेला क्रम शांतपणे सांगा : किती सेकंदांत निर्णय घेतला, मनात काय होते, सहा वर्षांत आपली नोंद कशी होती. दुकानाची निंदा तिथे उपयोगाची नाही. अर्ज नाकारला गेला तर ३० दिवसांत अपील करता येते, आणि ते अवश्य करा, कारण अपिलात न्यायाधीशांसमोर आपले म्हणणे प्रत्यक्ष मांडता येते. निकाल येईपर्यंत, आपण अजून भत्त्यास पात्र आहात असे दर दोन आठवड्यांनी भरायचे प्रमाणपत्र थांबवू नका. या भत्त्यावर कॅलिफोर्निया कर आकारत नाही, संघीय कर मात्र लागतो, म्हणून १० टक्के कपात आधीच निवडून ठेवणे सोयीचे.

आपल्या पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. काढून टाकण्याच्या सहा आठवडे आधी आपण व्यवस्थापकांना ईमेल केला होता, की रात्रीचा सुरक्षारक्षक काढल्यापासून कर्मचाऱ्यांना धोका वाढला आहे आणि हिंसाचार टाळण्याची लेखी योजना कोणालाही दाखवलेली नाही. अशी योजना ठेवणे कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांना बंधनकारक आहे. कायद्याच्या भंगाबद्दल वरिष्ठांकडे तक्रार करणाऱ्यावर ९० दिवसांच्या आत कारवाई झाली, तर ती सूडाची असल्याचे प्रथमदर्शनी मानावे, अशी तरतूद २०२४ पासून लागू आहे. मालक दुसरे खरे कारण दाखवून हे गृहीतक खोडू शकतो, आणि इथे त्याच्या हातात आपली सही असलेला नियम आहे. पण पाठलाग करणाऱ्या दुसऱ्या सहकाऱ्याला फक्त लेखी समज दिली गेली, असेही आपण लिहिले आहे. ही दोन्ही तथ्ये एकत्र ठेवली तर प्रश्न विचारण्यासारखा नक्कीच आहे.

हा प्रश्न कर्मचाऱ्यांची बाजू लढवणाऱ्या आणि वसुलीतून टक्केवारी घेणाऱ्या वकिलांना विचारा. त्यांची टक्केवारी सहसा एकतृतीयांश ते ४० टक्के असते आणि पहिली भेट अनेक ठिकाणी मोफत मिळते. दोन-तीन अशा वकिलांनी प्रकरण नाकारले, तर त्या नकारातून आपल्याला दाव्याची किंमत कळेल, आणि तीही काही खर्च न करता. भेटीआधी दुकानाने ठेवलेली आपली कर्मचारी-नोंदींची फाइल लेखी मागून घ्या. मालकाने ती साधारण ३० दिवसांत दाखवावी लागते. कामाच्या करारात लवादाचे कलम आहे का, तेही पाहून ठेवा. दुकानात युनियन असेल तर सर्वांत आधी तिच्या प्रतिनिधीला गाठा, कारण युनियनच्या करारात बहुधा वाजवी कारणाशिवाय काढता येत नाही आणि तक्रारीची मुदत काही दिवसांचीच असू शकते.

चार आठवड्यांचा पगार म्हणजे ३,५२० डॉलर, आणि त्यावर कर लागेल. तो आज नाकारू नका आणि आज सहीही करू नका. चाळीशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याकडून वयाधारित भेदभावाचे दावे सोडवून घ्यायचे असतील, तर संघीय कायद्याने त्याला विचारासाठी २१ दिवस आणि सहीनंतर माघारीसाठी ७ दिवस द्यावे लागतात. बेरोजगारी भत्त्याचा हक्क अशा कराराने सोडून देता येत नाही. केलेल्या कामाचा पगार आणि साठलेल्या रजेचे पैसे तर काढल्याच क्षणी मिळायला हवे होते. ते अजून बाकी असतील तर त्यासाठी सहीची अट घालणे बेकायदेशीर आहे, आणि विलंबाबद्दल जास्तीत जास्त ३० दिवसांच्या पगाराइतका दंड लेबर कमिशनरकडे मागता येतो. वकिलांना सूडाचा मुद्दा दमदार वाटला, तर ३,५२० ही रक्कम वाटाघाटीची सुरुवात ठरेल. सर्वांनीच नकार दिला, तर मुदत संपण्याआधी सही करून पैसे घ्यावेत, असे मी सुचवेन.

आरोग्यविम्याचा निर्णय मात्र थांबू शकत नाही. कोब्रा या संघीय कायद्याखाली जुना विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के आपल्यालाच भरावे लागतात. आधी कव्हर्ड कॅलिफोर्निया या राज्याच्या विमा-संकेतस्थळावर नव्या उत्पन्नानुसार अनुदान किंवा मेडी-कॅल हा कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा मिळतो का ते पाहा. विमा गेल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. ४०१(के) तसेच राहू द्या किंवा पुढे थेट आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात वळवा. बचतीतील ९,००० डॉलर घरभाडे आणि किराणा यांसाठीच ठेवा.

नव्या नोकरीच्या अर्जात काय लिहावे, असेही आपण विचारले आहे. आपल्यावर चोरीचा आरोप नाही, तेव्हा ‘दुकानाच्या सुरक्षा कार्यपद्धतीचा भंग’ एवढे खरे कारण लिहावे, आणि विचारल्यास घटना दोन वाक्यांत सांगून पुढच्या प्रश्नाकडे जावे.