स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा तेरा वर्षांचा झाला, सुरुवात कुठून करू?

ताई, सगळं एकदम अंगावर घेऊ नका.

अंघोळ, दाढी, कपडे बदलताना दार लावणं आत्तापासूनच शिकवा. या कामांच्या पायऱ्या दाखवणारा चित्रांचा तक्ता आरशाशेजारी लावा. माझ्या लेकाला ट्रिमरची घरघर सोसत नव्हती. महिनाभर तो बंदच हातात दिला, मग गालाला टेकवला, मग सुरू केला. आता स्वतः करतो.

कानांवर हात दाबून तुमचा मुलगा ओरडायला लागला की समजावत बसू नका. ही चूक आपण सगळेच करतो. तो हट्ट नसतो, त्याला खरंच असह्य झालेलं असतं. दिवा मालवा, गर्दीतून बाहेर न्या, जवळ गप्प बसा.

आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढाच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता आहे. दहावीला जादा वेळ, लेखनिक मिळू शकतो. कायदेशीर पालकत्वाचे कागद तो अठरा वर्षांचा व्हायला आला की बघू.