लाटण्यापासून सुरुवात कर

प्रश्न: काका, मी ऐरोलीला राहते, वय २६, रबाळे एमआयडीसीत नोकरी करते. मला लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या मशीनवर, लाकूड कातायला शिकायचंय, वाट्या, लाटणी, भोवरे, आणि जमलं तर पुढे यावरच पोट भरायचंय. सव्वा लाख साठवलेत, सगळे घालून मोठी मशीन घेऊ का? आई म्हणते वन बीएचकेत ठेवणार कुठे. आणि विकण्यासारखा माल व्हायला किती दिवस लागतात?

उत्तर: अगं, सगळे पैसे मशीनमध्ये अजिबात घालू नकोस. आईचं बरोबर आहे, भुसा झाडून निघतो पण बारीक धूळ घरभर तरंगते आणि छातीत जाते. ओळखीच्या सुताराच्या गाळ्यात एक कोपरा भाड्याने मिळतो का बघ. दहा इंची (म्हणजे दहा इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरवणारी) मिनी लेथ शिकायला भरपूर झाली, पण तिच्याबरोबर धार लावायचा ग्राइंडर हवाच, कारण हे अर्धं काम धारेचं आहे. पटाशीचा धारेमागचा उतार आधी लाकडाला टेकवायचा, मग मूठ हळूहळू वर उचलायची, धार लाकडाला भिडली की लांब सालपटं सुटतात आणि आवाज मऊ होतो. सालपटांऐवजी भुगा पडायला लागला की थांब, जोर लावू नकोस, धार लाव.

पहिले दोन-तीन महिने फक्त लाटणी कर. आईचं जुनं लाटणं घे, डोळे मिटून त्यावर बोटं फिरव, मधला फुगवटा कुठे सुरू होतो आणि टोकाला कसा उतरतो ते बोटांना कळलं पाहिजे. लाटण्याला व्हार्निश नको, कोरडंच ठेव नाहीतर थोडं खोबरेल चोळ.

वाटीची घाई मी केली होती. पावसाळ्यात पडलेल्या आंब्याची ओली फांदी मिळाली, त्याच दिवशी वाटी पातळ कातून पूर्ण केली आणि चार दिवसांत ती लंबगोल होऊन काठाला तडा गेला, फार वाईट वाटलं. ओल्या लाकडाची आठ इंची वाटी असेल तर भिंत पाऊण-एक इंच जाड ठेवायची, लाकडाचे तंतू जिथे आडवे कापले गेलेत त्या बाजूंना मेण लावायचं, काही महिने सावलीत सुकवायची आणि मग पुन्हा लेथवर चढवायची. आणि लाटण्याचा ओबडधोबड दांडा गोल करायची पन्हळी पटाशी, म्हणजे रफिंग गाऊज, वाटीला कधीच लावू नकोस, ती मुठीजवळ मोडते.

फेस शील्ड घाल, केस आणि ओढणी बांध, हातमोजे मात्र नको, अडकले तर हात ओढला जातो. स्विच दाबायच्या आधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघ, टूल रेस्टला, म्हणजे पटाशी टेकवायच्या पट्टीला, घासतंय का.

सुट्टी मिळाली की ठाण्याहून कोकणकन्या पकड आणि सावंतवाडीला जा, तिथली लाकडी खेळणी हातात घेऊन बघ. जमलं तर बंगळुरूजवळ चन्नपट्टणलाही जा. तिथे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणानेच लाख वितळून रंग चढतो आणि मग केवड्याच्या पातीने घासून चकाकी आणतात, हे एकदा समोर बसून बघायलाच हवं.

दिवस मोजू नकोस. दहा लाटणी ओळीत ठेवलीस आणि तुलाच पहिलं कुठलं नि दहावं कुठलं ओळखता आलं नाही की विकायला काढ, आणि किंमत लावताना धार लावण्यात गेलेला वेळही धर. तोवर नोकरी सोडू नकोस.